कापलेला कोपरा

सान मिगेल दे तुकुमान
१८ मे २०१९

डॉक्टर इर्मा,

अक्षर ओळखलं असेलच. हे अक्षर आहे की कोंबड्यांनी उकरलेलं अंगण, असं तुम्ही प्रयोगशाळेत माझ्या प्लेटांवरच्या चिठ्ठ्या वाचताना कितीदा तरी विचारलं असेल. पत्ता तुमच्या आतेबहिणीकडून मिळवला, औषधांच्या दुकानातल्या क्लोतिल्देकडून. ती द्यायला तयार नव्हती. मी गल्ल्यासमोर ठाण मांडलं, गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठे तिने पिशवीच्या कागदावर लिहून दिला. तिच्यावर रागावू नका.

तोरिबिओ गेला. दोन मे, सकाळी साडेदहाला. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. शेवटचे चार महिने त्याला आडवं होताच येत नव्हतं, आडवा झाला की छातीत पाणी चढायचं. पाय खांबासारखे सुजलेले. माते चहाचं पाणी कोमट झालं म्हणून कुरकुरला, मी किटली घेऊन आत गेले, बाहेर आले तर चहाचा भोपळा मांडीवर कलंडलेला. पेसमेकर मात्र चालूच होता. डॉक्टर येऊन तो बंद करेपर्यंत छातीत टिकटिकत होता, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

त्याला लोरेतोला नेलं, आमच्या आईशेजारी. नवव्या दिवशी आम्ही रीतीप्रमाणे त्याचे सगळे कपडे नदीवर नेऊन धुतले. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाचे कपडे ते, तेलाचे डाग काही निघाले नाहीत.

तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं, कारण त्याला तुम्ही आवडायचात. "तुझी डॉक्टरीण एकटीच अशी आहे जी माझं रक्त मागताना लाजते," असं म्हणायचा. बस, एवढंच. आणि हो, तुमचा हिरवा थर्मास अजून तिसऱ्या कपाटात आहे. हवा असेल तर पाठवते.

उत्तराची अपेक्षा नाही.

नेलिदा सायागो


२० जून २०१९

डॉक्टर इर्मा,

उत्तर आलं नाही. मीच तसं लिहिलं होतं, तेव्हा तक्रार कसली. तरी रोज पोस्टमनच्या सायकलकडे कान होते.

आज झेंड्याची सुट्टी. उसाची जाळपोळ सुरू झाली आहे, सकाळी धुतलेल्या चादरीवर काळी राख येऊन बसली. शिव्या घालत पुन्हा धुतली आणि लिहायला बसले. दोन बातम्या आहेत.

पहिली. संचालक फेरेइरांना शीतगृहातली जागा हवी आहे. जुना संग्रह ३० ऑगस्टला भट्टीत जाणार. सगळ्या ब्याण्णव प्लेटा, खळग्याखळग्यांच्या. एकोणतीस हजार चारशे चाळीस पदार्थ, त्यातल्या एकेकाचा थेंब आपण तोरिबिओच्या रक्तातल्या किड्यांवर टाकून पाहिला होता. यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. जानेवारीत मी निवृत्त होते, त्याआधी म्हातारीने घर झाडून जावं असा बेत दिसतो.

दुसरी बातमी म्हणजे बातमी नाहीच. तोरिबिओची पोरं अजून जिवंत आहेत. तुम्ही नाव ठेवलं होतं तोरि-एक, तो पोरं म्हणायचा. तुम्ही त्याच्या दंडाला ती डबी बांधली होती, आत प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्वच्छ, ढेकणासारख्या रक्त पिणाऱ्या विंचुका, तेव्हा तो काय म्हणाला आठवतं? लोरेतोच्या मातीच्या भिंतीत असताना फुकट चावायच्या, आता डबीत घालून चाववून घ्यायच्या, याला म्हणतात प्रगती. मग त्या विंचुकांच्या पोटातून तुम्ही त्याच्या रक्तातले किडे वेगळे काढलेत, बाटलीत वाढवलेत, आणि त्याच किड्यांवर आपण औषध शोधायला बसलो. दर सोमवारी मी त्यांना जेवण बदलते. आजारपणात रोज विचारायचा, "पोरांना घातलंस का खायला?" शेवटच्या आठवड्यात म्हणाला की मी गेल्यावर त्यांना उपाशी ठेवू नकोस, त्यांचा काय दोष, त्यांनाही कुठेतरी राहायचं असतं. त्याचं हृदय ज्यांनी पोखरलं त्यांना मी आजही वासराचं रक्तद्रव पाजते आहे. असो.

यादी करताना एक्केचाळीस नंबरची प्लेट हातात आली.

डॉक्टर, मला एकदा सगळं क्रमाने लिहून काढायचं आहे, तुम्ही तिथे नव्हताच असं धरून. चालेल ना? नाही चाललं तर कागद फाडा.

२०१२ च्या मेमध्ये आपल्या यंत्रहाताने, चोलामावशीने, एक्केचाळिसावी प्लेट वाचली. सी-७ या खळग्यात किडे मेले होते आणि पेशी जिवंत होत्या. वरून तिसरी ओळ, डावीकडून सातवा खळगा. तुम्ही ते चित्र तीनदा पाहिलंत आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलात. पुन्हा केलं, पुन्हा मेले. पाच वेळा. जूनमध्ये तुम्ही यादीत सी-७ समोर जो पदार्थ लिहिला होता त्याची ताजी पूड मागवलीत. जुलैमध्ये पूड आली, विरघळवली, टाकली. किडे मजेत पोहत होते.

प्लेटमधला थेंब मारतो, त्याच नावाची पूड मारत नाही. मग लोक काय म्हणणार? कुणीतरी त्या खळग्यात गुपचूप जुनं, माहीत असलेलं औषध घातलं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, तर जिच्या नावाने निबंध छापून येणार होता ती. थेंबात खरंच काय आहे ते ब्युनोस आयर्सला पाठवून तपासता आलं असतं. समितीला घाई होती. ऑगस्टमध्ये समिती बसली, सप्टेंबरमध्ये तुम्ही गेलात.

हे झालं जे सगळ्यांना ठाऊक आहे ते. बाकीचं लिहायला आज हात चालत नाही. चादर वाळली का बघते.

नेलिदा


९ जुलै २०१९

डॉक्टर इर्मा,

आज सुट्टी, गावभर लोक्रोचा, मक्याच्या रश्श्याचा वास. मी शिजवलं नाही. दोन माणसांचं भांडं एकीसाठी चढवायचं जिवावर येतं. तेव्हा आता बाकीचं सांगते.

त्या वर्षी मार्चमध्ये संग्रहातल्या बारा प्लेटा शीतगृहात तडकल्या होत्या. एक्केचाळीस ते बावन्न. नव्या प्लेटांचा खोका चार महिने कस्टममध्ये अडकला होता. तुम्ही परिषदेसाठी मोंतेविदेओला होता. थेंब गळून जायच्या आत दुसऱ्या प्लेटांत हलवायला हवे होते. मी खालच्या मजल्यावर पशुवैद्यकांकडे गेले आणि बारा प्लेटा उसन्या आणल्या. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही शाबासकी दिली होती.

आता जे सांगितलं नाही ते.

आपल्या प्लेटांचा एक कोपरा कापलेला असायचा. वरचा डावा, जिथून मोजणी सुरू होते, ए-१ चा. वीस वर्षं मी अक्षरं वाचली नाहीत डॉक्टर, कोपरा बघितला. हातमोजे, प्लेटवर बर्फाची साय, त्यात ती अक्षरं मुंगीएवढी. कोपरा बोटाला लागला की झालं. आपल्यात सगळे तसंच करतात, तुम्हीही करायचात.

पशुवैद्यकांच्या प्लेटा दुसऱ्या कंपनीच्या. त्यांचाही एकच कोपरा कापलेला. पण खालचा उजवा.

मी तो कोपरा वर डावीकडे ठेवला आणि तीन दिवस बसून हाताने बाराच्या बारा प्लेटा भरल्या. उलट्या. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन उभ्या रांगा रिकाम्याच असतात, त्यामुळे तिकडूनही काही ओरड झाली नाही. चोलामावशी कंपनीची बारकोडची पट्टी वाचून प्लेट धरते, कोपरा बघत नाही. तिने सी-७ म्हणून जो थेंब उचलला तो यादीतला सी-७ नव्हताच. खालून तिसरी ओळ, उजवीकडून सातवा. एन-१८. तुम्ही ताजी पूड मागवली ती सी-७ ची. एन-१८ ची पूड आजवर कुणीही मागवलेली नाही.

त्या खळग्यात कुणी काहीही घातलं नव्हतं. ते तुमचंच औषध होतं, फक्त दुसऱ्या नावाने उभं होतं.

आता मला हे कधी कळलं, ते. तुम्ही विचाराल, किंवा विचारणार नाही, कारण तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. समितीच्या आदल्या दिवशी, २१ ऑगस्टला, तुम्ही फाटकाशी मला गाठलंत. तुमचं कार्ड आधीच काढून घेतलं होतं, तुम्हाला आत येता येत नव्हतं. तुम्ही हळूच म्हणालात, "नेलिदा, एक्केचाळीस नंबर एकदा फिरवून बघ."

मी वर गेले. प्लेट काढली, दिव्याखाली धरली, अंगठ्याने बर्फ पुसला. कापलेल्या कोपऱ्यात अक्षर होतं पी, शेवटच्या ओळीचं, ए नव्हे. एक मिनिटही लागलं नाही. मी प्लेट परत ठेवली, हात धुतले आणि खाली जाऊन कॉफी प्यायले. दोन चमचे साखर घालून, जी मी कधीच घेत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीने मला विचारलं, प्लेटा बदलताना काही वेगळं घडलं होतं का. मी म्हटलं, नाही. त्यांनी कागद सरकवला, मी सही केली.

माझी कायम नेमणुकीची फाइल त्या महिन्यात फेरेइरांच्या टेबलावर होती. वीस वर्षं दर वर्षी नवा करार करत आले होते. त्या नोकरीच्या विम्यावर मी तोरिबिओचं नाव घातलं होतं, आणि त्याचं हृदय मिनिटाला बत्तीस ठोके देत होतं. नोकरी गेली असती तर पेसमेकर गेला असता. ऑक्टोबरमध्ये तो बसवला.

मी हे सबब म्हणून लिहीत नाही. म्हणजे, सबब म्हणूनच लिहिते आहे. सात वर्षं मी स्वतःला हीच सबब सांगून झोपवलं.

नेलिदा


६ ऑगस्ट २०१९

डॉक्टर इर्मा,

तडकलेल्या जुन्या प्लेटा मी फेकून दिल्या असं सगळ्यांना वाटतं. नोंदवहीत तसं मीच लिहिलं आहे. अकरा फेकल्या होत्या. जुनी एक्केचाळीस मात्र ठेवली, शीतगृहाच्या सगळ्यात खालच्या खणात, अळिंबीच्या नमुन्यांखाली. का ठेवली ते विचारू नका. सांगायची छाती नव्हती आणि टाकवेना.

गेल्या महिन्यात ती काढली. तडकलेल्या चिरीतून गळून गळून बहुतेक खळगे सुकले आहेत. एन-१८ मध्ये थेंबाचा थेंब उरला होता. सी-७ मध्येही थोडं होतं. हीच ती मूळ प्लेट, आपल्या कंपनीची, वरचा डावा कोपरा कापलेला, इथे काहीही उलटं नाही. या वेळी मी भिंग लावून अक्षरं वाचली. मोठ्याने वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं की जपमाळ ओढताय का.

माकडाच्या पेशी घेतल्या, त्यांत तोरिबिओची पोरं सोडली. सी-७ चा थेंब काही खळग्यांत, एन-१८ चा काही खळग्यांत, आणि काही नुसतेच. चोलामावशीला हात लावू दिला नाही, तिचा काही दोष नसला तरी. मग चार दिवस थांबायचं असतं ते थांबले.

पाचव्या दिवशी सकाळी बघितलं. नुसत्या खळग्यांत पेशी फुगून फुटल्या होत्या आणि किडे वळवळत होते. सी-७ मध्ये तेच. एन-१८ च्या सहाही खळग्यांत पेशी स्वच्छ, आतून रिकाम्या, काठ नीट. एकही किडा हलत नव्हता. मी प्रत्येक खळगा दोनदा मोजला, तुम्ही शिकवलं होतं तसं, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून.

तोरिबिओचेच किडे, डॉक्टर. त्याच्या रक्तातले. तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी त्याला संपवलं तेच. सहा खळग्यांत ते मरून पडले होते आणि मी स्टुलावर बसून रडले. भिंगाची काच ओली झाली. पुसून पुन्हा बघितलं.

मला ठाऊक आहे, खळग्यातला थेंब म्हणजे औषध नव्हे. उंदीर आहेत, कुत्रे आहेत, यकृत आहे, दहा-पंधरा वर्षं आहेत, आणि शंभरातले नव्याण्णव वाटेत गळतात. तुम्हीच सांगायचात. सात वर्षांपूर्वी मी तोंड उघडलं असतं तरी तोरिबिओ बहुधा गेलाच असता. या "बहुधा"चा मला फार आधार होता. आता वाटतं की त्या सात वर्षांत निदान कुणीतरी कामाला लागलं असतं, आणि लोरेतोतल्या एखाद्या आज पाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्याशी विंचुका चावलेली असेल, तिच्या वाट्याला तरी काही आलं असतं. माझ्या एका "नाही"ने तिचे हे दिवस खाल्ले.

आता जुना एन-१८ कोरडा आहे. उरलं ते नव्या, उलट्या प्लेटमध्ये आहे, सी-७ च्या जागी. १२ तारखेला मी फेरेइरांना लेखी देणार आहे. सहीने. त्याची प्रत सोबत, तुम्हाला.

नेलिदा


२७ ऑगस्ट २०१९

डॉक्टर इर्मा,

तुमचं पाकीट काल आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी पातळशा पाकिटाकडे बघूनच ओळखलं की आत चार ओळींचं पत्रदेखील नाही.

तुमच्या वहीचं एक पान, छायाप्रत. तारीख २० ऑगस्ट २०१२. एक चौकोन काढलेला, त्यात दोन टिंबं, सी-७ आणि एन-१८, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ. खाली तुमच्या सरळ अक्षरात तीन ओळी. "नेलिदाच्या प्लेटा उलट्या. तोरिबिओचं ऑपरेशन ऑक्टोबरात. तोपर्यंत समितीला सांगायचं नाही."

म्हणजे फाटकाशी आलात तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला पकडायला आला नव्हता. माझं मला कळावं म्हणून आला होता. आणि दुसऱ्या दिवशी समितीने तुम्हाला लबाड म्हटलं तेव्हा तुम्ही फक्त पाणी मागून प्यायलात. मी समोरच होते. मला वाटलं, हिच्याकडे बोलायला काही नाही. माझ्या भावाच्या हृदयासाठी तुम्ही तुमचं नाव ऑक्टोबरपर्यंत गहाण टाकलं होतं.

मी ते पान रात्रभर उशाशी ठेवलं आणि आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे, जी मागच्या चार पत्रांत मी चुकवत आले. तुम्ही पान पाठवून नेमकी तिच्याकडेच बोट दाखवलंत.

नोव्हेंबर.

तुम्ही शब्दाच्या पक्क्या. ऑक्टोबर सरला आणि तुमचं पत्र संस्थेत आलं. फेरेइरांनी मला बोलावलं, पत्र टेबलावर पसरलेलं होतं, रेघेची आकृतीसुद्धा. ते म्हणाले, "डॉक्टर सांतिलान लिहितात की प्लेट उलटी भरली गेली असावी. तुमचं काय म्हणणं आहे?"

त्या वेळी तोरिबिओची जखम भरली होती. तो घरी होता, टाके निघाले होते, आदल्या रविवारी शेजाऱ्याचा फ्रीज उचलू बघत होता म्हणून मी त्याला फैलावर घेतलं होतं. माझ्या कायम नेमणुकीचा कागद सही होऊन आला होता. मला कुणाची भीती नव्हती, कशाची गरज नव्हती. आणि मी म्हटलं, "माझ्या हातून असं होत नाही."

कारण एकच, की ऑगस्टमध्ये नाही म्हटलं होतं. या वेळी हो म्हटलं असतं तर पहिल्या वेळी मी खोटी बोलले असं ठरलं असतं. एवढंच. विमा नाही, भाऊ नाही, एवढंच होतं. फेरेइरांनी तुमचं पत्र घडी करून फाइलला लावलं आणि मला म्हणाले, वीस वर्षांचा हात आहे तुमचा, आम्हाला ठाऊकच आहे. मी जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, हे पण लिहून टाकते.

ऑगस्टचा "नाही" तुम्ही आधीच माफ करून ठेवला होता, हे मला काल कळलं. नोव्हेंबरच्या "नाही"ला माफी नाही. मागतही नाही.

निवेदन मी १२ तारखेला दिलं, सोबत दोन्ही प्लेटांचे फोटो, सहा खळग्यांची चित्रं. काल समिती बसली, या वेळी माझ्यासाठी. त्यांचं म्हणणं, ज्या बाईने नोंदवहीत खोटं लिहिलं तिच्या खणात सापडलेली प्लेट पुरावा कसली. सहा खळगे म्हणजे काय. तुमच्या फाइलला माझ्या निवेदनाची प्रत जोडू, म्हणाले. निष्कर्ष बदलत नाही. ३० तारखेची भट्टी ठरल्याप्रमाणे. मला निवृत्तीपर्यंत घरी बसायला सांगितलं, कार्ड ठेवून घेतलं. फाटकाबाहेर उभं राहिलं की कसं वाटतं ते सात वर्षांनी मीही बघितलं.

कार्ड द्यायच्या आधी दोन कामं केली.

एक, तोरिबिओच्या पोरांच्या बाटल्या. मी गेल्यावर त्यांना कुणी खायला घालणार नव्हतं, आठवड्याभरात सडली असती. मी त्यांत ब्लीच ओतलं. दहा मिनिटं लागतात. उपाशी ठेवलं नाही, एवढं त्याला सांगता येईल.

दुसरं काम म्हणजे चोरी. दोन्ही एक्केचाळीस नंबर मी बर्फात घालून जेवणाच्या डब्यातून बाहेर काढल्या. घरी तोरिबिओच्या हातचा फ्रीजर आहे, त्यात मांसाच्या पुड्यांखाली ठेवल्या. त्याने दुरुस्त केलेलं आजवर बंद पडलेलं नाही.

एन-१८ चा क्रमांक आणि सूत्र वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. ज्या कंपनीने तो बनवला ती विकली गेली, नवे मालक कळवतात की असा पदार्थ त्यांच्याकडे नाही. तेव्हा तो कुठेतरी पुन्हा बनवावा लागेल, आणि बनवला तो तोच आहे का, हे ताडून बघायला जगात फक्त माझ्या फ्रीजरमधला थेंब आहे.

शुक्रवारी बसने निघते. दोन दिवसांचा प्रवास, वाटेत तीनदा बर्फ बदलीन. रविवारी दुपारी तुमच्या दाराशी असेन. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी घंटी पुन्हा वाजवणार नाही. डबा उंबऱ्यावर ठेवीन आणि परतीची बस धरीन. तुमच्याकडे दक्षिणेत अजून थंडी आहे, तो टिकेल. थर्मासही आणते आहे.

नव्या प्लेटवर मी लाल शाईने लिहिलं आहे, ही उलटी आहे, कोपऱ्यावर जाऊ नका, अक्षरं वाचा. सी-७ मध्ये बघा. त्यात दोन थेंब उरले आहेत.

नेलिदा